पदवी, बुद्धी आणि आर्सचे धर्मगुरू

दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करते. धर्मग्रामांत सेवा करणाऱ्या जगभरच्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत. या दिवशी आपण आपल्या धर्मगुरूंना शुभेच्छा देतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. परंतु अभ्यास झेपत नाही म्हणून याच संताला एके काळी सेमिनरीतून घरी पाठविण्यात आले होते, ही गोष्ट आपण ओझरती सांगून पुढे जातो. आज आपल्या घराघरांत मुलांची बुद्धी गुणपत्रिकेवरून आणि मोठ्यांची बुद्धी नावापुढील पदवीवरून ठरविली जाते. म्हणूनच या प्रसंगापाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.

जॉन व्हियानी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळच्या दार्दिली गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. पुढे चर्चेस बंद झाली आणि नव्या राजवटीशी एकनिष्ठेची शपथ न घेणाऱ्या धर्मगुरूंना जीव मुठीत धरून लपावे लागले. या मुलाने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले तेही १७९९ साली, एका घरात, गुपचूप. शिक्षण म्हणाल तर थोडेसे वाचन-लेखन. बाकीचा काळ मेंढरे राखण्यात आणि शेतात राबण्यात गेला.

वयाच्या विसाव्या वर्षी ते एक्युली येथील फादर शार्ल बाले यांच्याकडे शिकावयास गेले. धर्मगुरू होण्यासाठी लॅटिन अनिवार्य होते आणि ज्याचे मातृभाषेचे व्याकरणही कच्चे, त्याला लॅटिन कसे यावे? वर्गातील मुले वयाने कितीतरी लहान, पण अभ्यासात पुढे. मथियास लोरास नावाच्या एका हुशार मुलाने त्यांना शिकवता शिकवता वैतागून सर्वांदेखत चापट मारली. तेव्हा वयाने मोठे असलेले व्हियानी त्या मुलापुढे गुडघे टेकून क्षमा मागू लागले. पुढे हाच लोरास अमेरिकेतील ड्यूब्यूक धर्मप्रांताचा पहिला बिशप झाला. निराश झालेल्या व्हियानींनी ला लुव्हेस्क येथील संत फ्रान्सिस रेजिस यांच्या कबरीपर्यंत पायी यात्रा केली. मागणे एकच होते: धर्मगुरू होण्यापुरते तरी लॅटिन यावे.

सैन्यभरतीमुळे आलेला अज्ञातवास संपवून ते पुन्हा अभ्यासाला लागले. १८१३ साली त्यांना लिऑनच्या मोठ्या सेमिनरीत प्रवेश मिळाला. तेथे सारे अध्यापन लॅटिनमध्ये. काही महिन्यांतच त्यांना घरी जाण्यास सांगण्यात आले. फादर बाले यांनी त्यांना पुन्हा आपल्याजवळ घेतले व पुढील परीक्षेस पाठविले. परीक्षकांसमोर लॅटिन प्रश्न ऐकताच ते गोंधळले. तरीही फादर बाले स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या आग्रहावरून एक्युलीच्या धर्मगुरुनिवासात पुन्हा परीक्षा झाली. या वेळी प्रश्न फ्रेंचमध्ये विचारले गेले आणि व्हियानींनी समाधानकारक उत्तरे दिली.

वाचकहो, माणूस तोच, धर्मज्ञानही तेच. बदलली ती फक्त भाषा! म्हणजे पहिल्या परीक्षेने लॅटिन मोजले होते. तिला वाटले, आपण बुद्धी मोजली. मराठी शाळेतून महाविद्यालयात गेल्यावर इंग्रजीपुढे मुका झालेला मुलगा आपल्यापैकी कोणी पाहिला नाही? त्याला आपण काय समजलो? सेमिनरीत असताना वर्गात मागे पडणाऱ्या सोबत्याकडे आम्हीही कीव करीत पाहिले आहे, हे येथे कबूल केले पाहिजे.

१३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तरीही पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना लगेच देण्यात आला नाही. तेवढा विश्वास वरिष्ठांना वाटत नव्हता. काही महिन्यांनी तो मिळाला, तेव्हा त्यांच्यापुढे पापनिवेदनासाठी सर्वप्रथम गुडघे टेकले ते फादर बाले यांनी. गुरूने शिष्याला दिलेली ही पदवी कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीहून लहान नव्हती.

फादर बाले यांच्या निधनानंतर, १८१८ साली, व्हियानींना आर्स या सुमारे २३० वस्तीच्या खेड्यात पाठविण्यात आले. तेथे ते रात्र रात्र जागून प्रवचन लिहीत व पाठ करीत. गरीब मुलींसाठी त्यांनी शाळा उघडली. हळूहळू परगावचे लोक येऊ लागले. पुढे दरवर्षी हजारो यात्रेकरू येत आणि ते दिवसाचे सोळा सोळा तास पापनिवेदन ऐकत. समोरच्याच्या मनातील गाठ ओळखणे आणि ती मोजक्या शब्दांत सोडविणे, ही त्यांची बुद्धी. पॅरिसच्या नॉत्र दाम कथीड्रलमधील प्रवचनांनी गाजलेले विद्वान फादर लाकोर्देर १८४५ साली आर्सला येऊन त्यांचे प्रवचन ऐकत बसले.

आसपासच्या काही धर्मगुरूंना मात्र हा अल्पशिक्षित माणूस खटकत होता. त्यांनी बिशपांकडे पाठविण्यासाठी तक्रारपत्र फिरविले. ते चुकून व्हियानींच्याच हाती आले, तेव्हा त्यांनी त्याखाली स्वतःची सही करून ते पुढे पाठविले. बिशपांचा विश्वास मात्र ढळला नाही. ४ ऑगस्ट १८५९ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी, आर्समध्येच त्यांचे देहावसान झाले. १९२५ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

यावरून अभ्यास व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. व्हियानींनी अभ्यास कधी सोडला नाही. गुरुदीक्षेनंतरही ते फादर बाले यांच्याकडे ईशज्ञान शिकत राहिले. उच्च पदवी ही चिकाटीची व एका विषयातील ज्ञानाची खूण आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण ज्याच्याजवळ ती नाही, त्याच्याजवळ बुद्धी नाही, हा निष्कर्ष त्या पदवीतून निघत नाही. लिऑनच्या परीक्षकांनी तो काढला होता. एक म्हातारा गुरू अडून बसला नसता, तर आर्सला तो धर्मगुरू मिळाला नसता.

निकालाच्या दिवशी मान खाली घालून घरी आलेल्या मुलाला आज कदाचित अशाच एका फादर बाले यांची गरज असेल. ती जागा त्याच्या घरात, शाळेत किंवा धर्मग्रामात कोण घेणार, हा प्रश्न आपणा सर्वांसाठी आहे. संत जॉन मेरी व्हियानी, आम्हांसाठी विनंती करा.