सीडर हिलचे धनी : फ्रेडरिक डग्लस

वॉशिंग्टनला गेलेला प्रवासी कॅपिटॉल, व्हाइट हाऊस आणि लिंकन स्मारक पाहतो आणि बहुधा तेथूनच परततो. अ‍ॅनाकोस्तिया नदीपलीकडच्या टेकडीवर ‘सीडर हिल’ ही वास्तू आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास समजून घ्यायचा, तर तिची पायरी चढायलाच हवी. फ्रेडरिक डग्लस यांचे हे घर.

डग्लस १८१८ मध्ये मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मले. जन्मतारीख त्यांना कधीच कळली नाही. तान्हेपणीच आईची ताटातूट झाली. बाल्टिमोरच्या मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली. पण शिकलेला गुलाम हाताबाहेर जातो, म्हणून तिच्या पतीने ते बंद पाडले. त्या मनाईनेच मुलाला विद्येचे मोल कळले. रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांना पाव देऊन त्याने त्यांच्याकडून अक्षरे मिळवली.

३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात, दुसऱ्याची कागदपत्रे घेऊन ते आगगाडीने उत्तरेकडे निसटले. त्यांना साह्य करणारी अ‍ॅना मरी पुढे त्यांची सहधर्मचारिणी झाली. १८४५ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध होताच पकडले जाण्याचे भय वाढले आणि ते आयर्लंड-इंग्लंडला गेले. तेथील मित्रांनी पैसे जमवून १८४६ मध्ये त्यांचे स्वातंत्र्य अक्षरशः विकत घेतले. मायदेशी त्यांनी १८४७ मध्ये ‘नॉर्थ स्टार’ हे पत्र काढले, १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार केला आणि १८६३ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्या समान वेतनासाठी लिंकन यांची भेट घेतली.

१८७७ मध्ये ते राजधानीचे मार्शल झाले आणि त्याच वर्षी त्यांनी सीडर हिल खरेदी केले. टेकडीच्या पायथ्याच्या वसाहतीत कृष्णवर्णीयांना घर विकण्यास बंदी होती. ती वसाहत वसवणाऱ्यानेच हे घर स्वतःसाठी बांधले होते!

अ‍ॅना यांच्या निधनानंतर १८८४ मध्ये त्यांनी हेलन पिट्स या गौरवर्णीय स्त्रीशी विवाह केला, तेव्हा दोन्ही समाज दुखावले. २० फेब्रुवारी १८९५ रोजी महिलांच्या सभेहून परतल्यावर याच घरात त्यांचे देहावसान झाले. हेलन यांनी हट्टाने वास्तू जपली. आज ती राष्ट्रीय स्मारक आहे.

अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला. विद्येवाचून मुक्ती नाही, हे पुण्यात फुल्यांनी ओळखले. बाल्टिमोरच्या रस्त्यावर पावाच्या बदल्यात अक्षरे घेणाऱ्या मुलालाही तेच उमगले होते.