आधी दौरा, मग मदत: 22 व्या वर्षी दुष्काळाला भिडलेले शाहू महाराज

कोल्हापूर म्हटलं की आज महापूर आठवतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच भागावर दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटं जवळपास एकाच वेळी कोसळली होती. तेव्हा संस्थानच्या गादीवर होते राजर्षी शाहू महाराज.

26 जून 1874 चा त्यांचा जन्म. कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक आला. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी कारभार हाती घेतला आणि दोनच वर्षांत, 1896 मध्ये, पावसाने पाठ फिरवली.

महाराजांनी काय केलं?

फक्त कागदी अहवालांवर न थांबता ते स्वतः दुष्काळी भागात फिरले. दुष्काळाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून मदतही वेगवेगळी ठरली.

▪ धान्याचे दर कडाडले होते. त्यासाठी स्वस्त धान्याची दुकानं उघडली. व्यापाऱ्यांनी कमी दराने धान्य विकावं, त्यांचा तोटा संस्थान भरून देईल, अशी व्यवस्था केली.
▪ हाताला काम नव्हतं, त्यांच्यासाठी रस्ते, विहिरी, तलावांची कामं काढली. शेतकऱ्यांना तगाई दिली.
▪ या कामांवर येणाऱ्या बायांच्या लहान मुलांसाठी शिशुगृहं सुरू केली.
▪ जनावरं जगावीत म्हणून चाऱ्याची सोय केली.
▪ ज्यांना कामही झेपत नव्हतं, अशांसाठी आश्रयस्थानं उघडली.

पाठोपाठ प्लेग आला. तेव्हा दाट वस्तीतल्या लोकांना गावाबाहेर झोपड्यांमध्ये हलवण्यात आलं.

पण दुष्काळ पुन्हा आला तर?

1899-1900 मध्ये देशाच्या मोठ्या भागात तो आलाच. दरवेळी धान्य वाटून भागणार नाही, पाणीच अडवायला हवं, हे स्पष्ट झालं. 1902 मध्ये महाराजांनी संस्थानचं पाटबंधारे धोरण ठरवलं. पुढे भोगावती नदीवर राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. पैशांअभावी ते रखडलं. 6 मे 1922 रोजी महाराज गेले, तेव्हा धरण अपुरंच होतं. ते पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर.

आज पावसाळ्यात राधानगरीचे किती दरवाजे उघडले, हे कोल्हापूरकर मोबाईलवर बघतात. पंचगंगेची पातळी 43 फुटांची धोक्याची खूण ओलांडते, तेव्हा मदतीचे टेम्पो निघतात. टेम्पो भरण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: तिथे नेमकं कुणाचं, काय अडलंय? सव्वाशे वर्षांपूर्वी महाराजांनी सुरुवात तिथूनच केली होती.