विज्ञानविदुषी डॉ. कमला सोहोनी

पेशीभोवतीचे पटल सर्वांना सरसकट आत घेत नाही. काही रेणू सहज पार होतात, काहींसाठी प्रथिनांची द्वारे असतात, तर काही पदार्थ आत-बाहेर नेण्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. ही ऊर्जा कशी सिद्ध होते, या शोधाच्या इतिहासात एका मराठी स्त्रीचेही नाव आहे. तिचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत या विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या प्रथम आल्या. तरीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून पुढे अन्य मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला.

केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचे दाखवून दिले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. हे प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या आतील पटलापाशी इलेक्ट्रॉनांची ने-आण करते. त्या प्रवाहाच्या बळावर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात व ते परतताना एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते, असा सिद्धान्त पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडला. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील बांधीत रोवलेला धानाचा परहा मातीतील क्षार मुळांत ओढून घेतो, तो याच इंधनावर.

मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही भूषविले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

कमलाबाईंचे वडील व चुलते रसायनशास्त्रज्ञ होते, त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले. घरी ग्रंथ होते, जातीची अडसर नव्हती. तरी स्त्री म्हणून दार बंद झाले. ज्या समाजाला १९२७ साली महाडला पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या लेकींपुढे तर दोन दारे बंद होती. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती उघडण्याचा मार्ग दाखविला. आमचे वसतिगृह त्याच मार्गावर उभे आहे. पालकांना आमची एकच विनंती : दहावीनंतर विज्ञान शाखा मागणाऱ्या मुलीला निदान घरात तरी परीक्षाधीन ठेवू नये.