देशाचं सरकार नव्हतं, तरी लोकांनी चीनला डॉक्टर पाठवले: सोलापूरच्या कोटणीसांची गोष्ट

परदेशात संकट आलं की भारत सरकार मदत पाठवतं, हे आज नेहमीचं झालंय. पण 1938 मध्ये भारताचं परराष्ट्र धोरण इंग्रज ठरवत होते. तेव्हा परदेशी मदतीचा निर्णय सरकारशिवाय, लोकांच्या वर्गणीतून झाला. त्या मदतीचा सगळ्यात ओळखीचा चेहरा म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

कोटणीसांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झालं. पुढच्या शिक्षणाची तयारी सुरू असतानाच चीनमधून हाक आली.

चीनला डॉक्टर का हवे होते?

1937 मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. जखमींवर उपचार करायला डॉक्टर कमी पडत होते. चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी जनतेला आवाहन केलं. जुलै 1938 मध्ये देशभर चीन दिन पाळला गेला, 22 हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. 1 सप्टेंबरला मुंबईहून त्यांची बोट सुटली.

चार परतले, एक राहिला

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. घरी परतायला कारण होतं, पण कोटणीस थांबले. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोहोचलं. तिथून ते उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. जखमींची रांग संपेना, तेव्हा त्यांनी न झोपता सलग शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

पथकातले बाकीचे चौघं भारतात परतले. कोटणीसांना मात्र अपस्माराचे झटके येत होते. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, ते चीनमध्येच वारले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

पुढे सरकारने काय केलं?

स्वातंत्र्यानंतर नेहरू पंतप्रधान झाले आणि परराष्ट्र खातंही त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटलं. भारताने लढणाऱ्या तुकड्या पाठवल्या नाहीत, लष्कराचं वैद्यकीय पथक पाठवलं. 1964 मध्ये इतर देशांच्या लोकांना प्रशिक्षण देणारी आयटेक योजना सुरू झाली. या निर्णयांमागे कारणं अनेक होती. पण संकटातल्या देशाला बंदुकीऐवजी डॉक्टर द्यायचा, हा मार्ग भारतीय जनतेने सरकारच्या बारा वर्षं आधी चालून दाखवला होता.

1946 मध्ये व्ही. शांताराम यांनी कोटणीसांवर सिनेमा काढला. 1962 चं युद्ध झालं, दोन्ही देशांत कटुता आली. तरीही चीनने 1982 मध्ये आणि भारताने 1993 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. सरकारांचं नातं बिघडलं, पण लोकांनी पाठवलेल्या माणसाची आठवण दोन्हीकडे टिकली.