साडेसातशे रुपयांचा परवाना

थिओडोर रूझवेल्ट यांच्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाची मुदत ४ मार्च १९०९ रोजी संपली आणि तीन आठवड्यांच्या आतच ते आफ्रिकेच्या बोटीत बसले. १८५८ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला, दम्याने बेजार असलेला हा मुलगा पुढे डाकोटाच्या माळरानावर गुरे राखणारा आणि निष्णात शिकारी झाला. १९०२ मध्ये मिसिसिपीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. लहान मुलांचे 'टेडी बेअर' त्या प्रसंगातून आले.

२१ एप्रिलला ते पुत्र केर्मिट आणि स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गतज्ज्ञांसह मोम्बासाला उतरले. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत तेव्हा आपल्याकडचा रुपयाच चालत असे आणि तिथली रेल्वेही हिंदुस्थानी मजुरांनी बांधलेली होती. शिकारीच्या परवान्याचे दर मात्र दोन होते. बाहेरून येणाऱ्या हौशी शिकाऱ्याला ७५० रुपये, म्हणजे ५० पौंड. तिथे स्थायिक झालेल्या गोऱ्या वसाहतवाल्याला १५०. पाचपट फरकामागे सरळ हिशेब होता. वसाहतीचा खर्च लंडनच्या अनुदानावर चालत असे. शेती करणारा गोरा माणूस सरकारला हवा होता, त्याला दुखवून चालणार नव्हते. पाहुणा धनिक असे, तो शिंगे-कातडी घेऊन परत जाई. त्याच्याकडून चार पैसे अधिक घेण्यात कोणाला संकोच वाटत नसे.

परंतु या कायद्यातला 'स्थानिक' कोण? कांबा आणि डोरोबो लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकार करीत आले होते. त्यांच्यासाठी स्वस्त दराचा परवाना नव्हताच. त्यांची परंपरागत शिकार नव्या नियमांनी बहुतांशी गुन्हा ठरली आणि आफ्रिकी माणसाच्या वाट्याला मुख्यत्वे डोक्यावरचे ओझे आले. रूझवेल्ट यांच्या काफिल्यात असे सुमारे अडीचशे हमाल होते.

परवान्याची रक्कम तशी किरकोळच. खरा पैसा गेला तो हमाल, वाटाडे गोरे शिकारी, तंबू आणि कातडी टिकवण्यासाठी नेलेल्या चार टन मिठावर. अँड्र्यू कार्नेगी यांनी त्याला हातभार लावला. रूझवेल्ट यांनाही लेखमालेपोटी स्क्रिब्नर्सकडून ५० हजार डॉलर मिळाले. पितापुत्रांनी मिळून ५१२ जनावरे मारली. त्यांत दुर्मीळ पांढरे गेंडेही होते. संशोधनासाठी, हे खरे. तरी अमेरिकेत कोट्यवधी एकर जंगल राखून ठेवणाऱ्या माणसाच्या नावावर हा आकडा खटकतोच.

६ जानेवारी १९१९ रोजी ऑयस्टर बे येथील घरी, झोपेतच त्यांचे निधन झाले. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, तेव्हा पाहुण्यांचा आणि रहिवाशांचा, दोन्ही परवाने इतिहासजमा झाले.