वॉटसन हॉटेलचा इंजिनिअर : रोलंड ऑर्डिश

स्कायस्क्रॅपर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लगेच शिकागो येतं. १८८५ मध्ये पूर्ण झालेली, जेनी यांची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग पहिली, असं आपण पाठ करतो. पण भिंतींऐवजी लोखंडी सांगाड्यावर भार घेणारी पाच मजली इमारत मुंबईत काळा घोड्याजवळ त्याआधी पंधरा वर्षं उभी होती! ते वॉटसन हॉटेल. त्याचा इंजिनिअर रोलंड मेसन ऑर्डिश.

ऑर्डिशचा जन्म १८२४ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस बांधला, तेव्हा त्याची बारीकसारीक ड्रॉइंग्ज करणाऱ्यांत तो होता. भाग कारखान्यात ओतायचे आणि जागेवर नेऊन जोडायचे, ही त्यामागची पद्धत. आमच्या हमरापूरला गणपतीचे हात वेगळ्या साच्यातून काढून मग धडाला जोडतात, तसंच काहीसं.

वॉटसनचं काम १८६७ ते १८६९ चं. खांब, तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या आणि जहाजाने मुंबईत आणल्या. विटा फक्त मधली जागा भरायला. मग हे स्कायस्क्रॅपर का नाही? कारण ओतीव लोखंड दाब छान सोसतं, पण ताण आला की तडकतं. त्यामुळे फार उंच जाता येत नाही. जेनींना वरच्या मजल्यांसाठी पोलादी तुळया मिळाल्या, ऑर्डिशच्या वेळी ती सोय नव्हती.

त्याच सुमारास लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं २४० फूट गाळ्याचं छप्पर त्याने बार्लोबरोबर केलं. १८७३ चा अल्बर्ट ब्रिजही त्याचाच. तो मात्र इतका हलायचा की सैनिकांनी पावलं जुळवून चालू नये अशी पाटी तिथे लावावी लागली! पुलाच्या मजबुतीकरणाचं काम चालू असतानाच, १८८६ मध्ये ऑर्डिश वारला.

त्याच्या हॉटेलात १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला, भारतातला पहिला. नंतर तिथे ऑफिसं आली, नाव एस्प्लनेड मॅन्शन झालं, देखभाल राहिली. २००५ मध्ये बाल्कनीचा भाग कोसळला. २०१९ मध्ये इमारत रिकामी केली आणि ती पाडावी असं आयआयटी मुंबईच्या अहवालात आलं. वारसाप्रेमींनी विरोध केला. मला, अजून शिकत असलेल्या पोराला, एकच शंका येते : जी इमारत सुटे भाग जोडून उभी केली, तिचे खराब भाग बदलून बघायला काय हरकत आहे?