एल्ब्रिज गेरी आणि मतदारसंघांची वांकडी वांटणी

मत देण्याचा अधिकार मिळाला म्हणजे सर्व कांहीं मिळालें, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती अपुरा आहे, हें अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील एल्ब्रिज गेरी ह्या थोर गृहस्थाच्या चरित्रावरून ध्यानांत येतें.

गेरी ह्यांचा जन्म १७ जुलै १७४४ रोजीं मार्बलहेड ह्या बंदराच्या गांवीं, व्यापाऱ्याच्या घरीं झाला. सुकविलेले कॉड मासे बार्बाडोस बेटावर व स्पेन देशांत पाठविणें हा घरचा धंदा. १७६२ मध्यें हार्वर्डची पदवी घेऊन ते त्याच धंद्यांत पडले आणि तेथून लोककार्यांत आले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें राज्यघटना तयार झाली, तेव्हां शेवटपर्यंत हजर राहूनही ज्या तिघांनीं सही नाकारली, त्यांत गेरी एक होते. नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेंत नाहीं, हा त्यांचा एक आक्षेप होता. १७९१ मध्यें ती सनद घटनेस जोडण्यांत आली. सहीची किंमत जाणणारा असा हा पुरुष होता.

१८१० मध्यें ते संस्थानचे गव्हर्नर निवडून आले. त्यांचा रिपब्लिकन पक्ष (आजच्या त्याच नांवाच्या पक्षाहून हा निराळा) आणि फेडरलिस्ट पक्ष ह्यांचें हाडवैर होतें. १८१२ च्या आरंभीं गेरी-पक्षाच्या कायदेमंडळानें संस्थानच्या सिनेटचे मतदारसंघ नव्यानें आंखले. विरोधकांचीं मतें थोड्या संघांत कोंबावयाचीं आणि आपलीं बेताबेतानें पुष्कळ संघांत पसरावयाचीं, अशी ती युक्ति. एसेक्स परगण्यांतील एक संघ इतका वेडावांकडा झाला कीं, बोस्टनच्या एका वर्तमानपत्रानें त्यास पंख व नखें काढून सॅलमँडर नामक प्राण्याचें रूप दिलें, आणि गव्हर्नरांचें नांव जोडून जेरीमँडर हा शब्द रूढ केला. ही योजना गेरी ह्यांस मनापासून अप्रिय होती, असें त्यांच्या जांवयानें लिहिलेल्या चरित्रांत नमूद आहे. तथापि ११ फेब्रुवारी १८१२ रोजीं त्यांनीं तिच्यावर सही केली.

त्याच वर्षीं निवडणूक झाली. गेरी ह्यांचें गव्हर्नरपद गेलें. खालचें सभागृहही पक्षाच्या हातून गेलें. सिनेटमध्यें मात्र फेडरलिस्टांस ५१,७६६ मतें पडून ११ जागा मिळाल्या, व रिपब्लिकनांस ५०,१६४ मतें पडून २९! काटा मारणाऱ्या दुकानदारास आपण चोर म्हणतों. येथें काटा कायद्यानेंच मारला होता.

गेरी १८१३ मध्यें देशाचे उपाध्यक्ष झाले व २३ नोव्हेंबर १८१४ रोजीं त्याच पदावर असतांना वारले. चाळीस वर्षांची लोकसेवा मागें पडली आणि नांव उरलें तें एका कपटाचें. तो कायदा १८१३ मध्यें रद्द झाला, पण युक्ति टिकली. पुढें दोन्ही बाजूंच्या पक्षांनीं ती आपलीशी केली. पक्षीय हेतूनें केलेल्या आंखणीच्या तक्रारी संघराज्याच्या न्यायालयांनीं ऐकावयाच्या नाहींत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिला. ॲरिझोना संस्थानच्या मतदारांनीं मात्र २००० सालींच कौल देऊन हें काम कायदेमंडळाकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे सोंपविलें होतें.

आम्हांस हाच मार्ग रास्त वाटतो. ज्यास निवडून यावयाचें आहे, त्याच्या हातीं नकाशा असूं नये. भीड भिकेची बहीण ही म्हण राजकारणांतही खरी आहे: पक्षाच्या भिडेनें मनाविरुद्ध केलेली एक सही जन्मभराच्या पुण्याईस पुरून उरते.